गाण्याला साक्षीला बोलावू नका

गेल्या गणपतीपासून बेळगावात चार माणसं जमली की एकच विषय निघतो. चार पोरांचा एक रॉक बँड आहे. एक वडगावचा, एक अनगोळचा, एक खानापूरकडच्या खेड्यातला आणि एक कॅम्पातला. आपल्या बेळगावी मराठीत गातात, मधूनच कन्नडमध्ये शिरतात, आणि गिटार अशी वाजवतात की मागच्या रांगेतली वयस्क मंडळी कानावर हात ठेवतात. एका कार्यक्रमाची चित्रफीत फोनवरून फिरली, निपाणीपासून कारवारपर्यंत पोचली, कोल्हापूरच्या पोरांनी उचलून धरली, आणि आठवड्याभरात हे चौघं आमचा 'अभिमान' झाले. दुसऱ्या आठवड्यात काहींच्या लेखी ते फितूर ठरले. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी निकाल दिला की हे सगळं उसनं आहे, हा गोंगाट आपला नव्हे. बँडचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव दिसलं की वाचणारा आधी बाजू घेतो आणि मग वाचतो. मला बाजू घेण्याआधीच्या त्या घटकेबद्दल बोलायचं आहे.

कारण या सगळ्या वादात, गाणी कशी आहेत हे कुणीच बोललेलं नाही. चाल कशी आहे, शब्द कुठे अडतात, गायकाचा आवाज वरच्या पट्टीत का फाटतो, यावर एक वाक्य मी ऐकलेलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. हा बँड फार चांगला होऊ शकतो. आज तो तितका चांगला नाही. आणि आपण त्याला डोक्यावर घेऊन जे चालवलंय, त्यानं तो चांगला होण्याची वाटच बुजत चालली आहे. शिव्या देणाऱ्यांपेक्षा कौतुक करणाऱ्यांकडून त्यांचं जास्त नुकसान होतंय. आपण सीमाभागातली माणसं दिसेल त्या गोष्टीचा पुरावा करतो. दुकानाची पाटी पुरावा, शाळेचा पट पुरावा, लग्नाची पत्रिकासुद्धा पुरावा. आता चार पोरांची गाणी आपण त्याच फायलीत लावायला निघालो आहोत.

हे मी बाहेरून आलेल्या माणसासारखं बोलू शकत नाही, कारण मी त्याच घरातली आहे. 1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हा आमचे आजोबा त्या मांडवात सतरंज्या घालायला होते. दहा वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 ला, बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. तेव्हापासून त्या एकाच तारखेला आमच्या शहरात एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस. 1967 मध्ये सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला, त्यानंही बेळगाव तिकडेच ठेवलं. 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 865 गावांचा दावा आजही तिथेच पडून आहे. 2014 मध्ये शहराचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं, 2024 मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा झाला. 2025 च्या फेब्रुवारीत बसमधल्या एका भाषेच्या भांडणावरून दोन राज्यांमधल्या गाड्या काही दिवस बंद पडल्या. कुठल्या भाषेत बोललं यावरून जिथे गाड्या थांबतात, तिथे स्टेजवरून कोणी पोटतिडकीनं मराठीत गायला लागलं तर पुढे बसलेल्या बाईचे डोळे भरणारच. माझेही भरले.

म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांचं म्हणणं मी हलक्यात घेणार नाही. ते म्हणतात, इथे मराठी शाळा टिकवायची तर झगडावं लागतं. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक एक भाषा बोलतात तिथे त्या भाषेत सरकारी कागद मिळावेत हा साधा नियम, तोही दरवेळी मागून घ्यावा लागतो. अशा ठिकाणी मराठीत गाणं ही नुसती करमणूक राहूच शकत नाही. बरोबर आहे. गाणाऱ्यानं कितीही नाही म्हटलं तरी त्याच्या आवाजाला हा अर्थ चिकटणारच. पण मग पुढचा प्रश्नही विचारायला हवा. भाषा जगते कशावर? सत्तर वर्षं आपण मराठीत निवेदनं लिहिली. कळविण्यात येते की, विनंती करण्यात येते की, निषेध नोंदविण्यात येत आहे. ती लिहायलाच हवी होती, आणि ज्यांनी ती लिहिली, लाठ्या खाल्ल्या, त्यांच्यामुळेच मी आज हा लेख मराठीत लिहिते आहे. पण ज्या भाषेत पोराच्या कानावर फक्त घोषणा आणि निवेदनं पडतात, त्या भाषेत ते प्रेमात पडत नाही, रुसत नाही, कंटाळत नाही. कंटाळायला ते दुसरी भाषा शोधतं, आणि माझ्या आसपासच्या घरांमध्ये ती बहुतेक वेळा इंग्रजी असते.

या बँडचं सगळ्यात चांगलं गाणं खानापूरची शेवटची बस चुकलेल्या माणसावर आहे. त्यात लढा नाही, सीमा नाही. फलाटावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट आहे, अंगठा तुटलेली चप्पल आहे, घरी फोन केला तर आई काय म्हणेल ही धास्ती आहे. अठरा-वीस वर्षांच्या पोरापोरींना ते गाणं पाठ आहे आणि वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर ती ते म्हणतात. मराठी शाळेच्या दारातही जी मुलं एकमेकांशी हिंदीत बोलताना मी ऐकली आहेत, ती हे गाणं बेळगावी मराठीत म्हणतात. एवढं काम कोणत्या फलकानं केलंय?

मी त्यांना भेटायला गेले ती वडगावातल्या एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये. माग विकून झालेत, फरशीवर बोल्टांची भोकं राहिलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे डकवलेत, दाराला जुनी गोधडी टांगली आहे. पंखा बंद, कारण त्याची घरघर माइकमध्ये येते. ड्रमच्या पोटात चादर कोंबलेली. शेजारच्या शेडमध्ये माग चालू होते, खटक-खट, खटक-खट, आणि ड्रमवाला त्या ठेक्याला चुकवून, त्याच्या मधल्या फटीत आपली काठी टाकत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, लहानपणापासून ह्या आवाजातच झोपलोय की. माग थांबला की मला जाग येते." बासवाला कोपऱ्यात वेगळ्याच नादात होता. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जोगती चौंडकं वाजवतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल. एक तार, खाली कातडं, तार ताणली की सूर वर सरकतो आणि हुंकारासारखा आवाज येतो. हा पोरगा बासच्या जाड तारेवर बोट घसरवून तोच हुंकार काढायला बघत होता. पाचव्यांदा जमला, सहाव्यांदा हुकला, सातव्यांदा परत जमला. अर्धा तास तेवढंच. फोनवरून फिरलेल्या चित्रफितीत यातलं काही नाही, आणि माझ्या दृष्टीनं या बँडची खरी कमाई तीच आहे. बाहेर चाललेल्या वादाबद्दल विचारलं तेव्हा गायक जरा गप्प बसला आणि म्हणाला, "काकू, आम्ही गाणं करूलालाव. आंदोलन करायला मोठी माणसं हाईत की."

आता फितुरीच्या आरोपाकडे येते. बसच्या गाण्यात कंडक्टरचा आवाज येतो, "बस होत्री", बस गेली हो. या आणि अशाच तीन-चार कन्नड ओळींवरून केवढं रण माजलं. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी चक्क ओळी मोजल्या आणि मला आकडा सांगितला. कन्नडचा आग्रह धरणाऱ्यांनीही मोजल्या, आणि त्यांना त्या फार कमी वाटल्या. दोन्हीकडच्या मंडळींनी गाणं एकाच पद्धतीनं ऐकलं, मतमोजणीसारखं. पण रात्री साडेनऊला बसस्थानकात कंडक्टर दुसरं काय म्हणणार? ती ओळ मराठीत घातली तर गाणं खोटं पडेल. हातात पिशवी घेऊन मराठीत चिडणारा माणूस आणि त्याला कन्नडमध्ये सांगणारा कंडक्टर, दोघंही थकलेले, हे आपलं रोजचं जगणं आहे. आपण घरात अक्का म्हणतो, अण्णा म्हणतो, भातावर तूप घेतो. हे शब्द कानडीशी नातं सांगतात म्हणून आपण ते ताटातून बाजूला काढून ठेवत नाही. आणि 'ळ' दोन्ही भाषांत आहे. गायक 'वेळ' शब्दातला तो 'ळ' जिभेवर असा काही धरून ठेवतो की ऐकणाऱ्याला तो मराठीही वाटतो आणि कन्नडही. असा 'ळ' मला पुण्या-मुंबईच्या गाण्यात कधी ऐकू आलेला नाही.

यामागची भीती मात्र खोटी नाही, तीही मांडते. लोक म्हणतात, आज चार ओळी आहेत, उद्या बेंगळुरूहून बोलावणं आलं, पैसा दिसला, की अख्खं गाणं कन्नड होईल. होईलही. पैसा तिकडे आहे, कन्नड सिनेमा तिकडे आहे. पण सुळेभावीच्या शिवपुत्र कोमकळीमठांची, म्हणजे कुमार गंधर्वांची, मातृभाषा कन्नड होती. भीमसेन जोशींची कन्नड होती. ते मराठीत गायले तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतलं आणि त्यांनी कन्नडचा घात केला असं आपल्या मनातही आलं नाही. मग उलट्या दिशेनं कोणी चार पावलं टाकली की तोच रस्ता फितुरीचा कसा होतो? आपल्याला येणारी माणसं हवीत आणि जाणारी नकोत, एवढाच याचा अर्थ असेल तर तो हट्ट म्हणून मी समजू शकते. त्याला भाषाप्रेम म्हणणं मला जमत नाही.

तिसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा आहे आणि तो मला सर्वात जवळचा वाटतो. हे संगीत आपलं नाही. ज्या मातीत किराणा आणि ग्वाल्हेरची गायकी रुजली, तिथे ही विजेची वाद्यं आणि हा आरडाओरडा कशासाठी? मी स्वतः शहापुरात पेटी शिकले. माझ्या बाईंनी कधी भाता जोरानं ओढू दिला नाही. सुरावर हळू बस, म्हणायच्या. त्यामुळे या मंडळींचं दुखणं मला कळतं. पण पेटी तरी कुठली आपली? ती युरोपातून आली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीनं तिला दार बंद केलं, ते 1971 पर्यंत उघडलं नाही. त्या तीस वर्षांत पेटी गप्प बसली का? आमच्याच बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत राहिले, पिढ्यान्‌पिढ्या शिकवत राहिले, आणि आज ज्यांना रॉक उसना वाटतो त्यांनाच पेटीशिवाय मैफल पोरकी वाटते. त्याच्याही मागे जाऊ. 1842 मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीत झाला. तो पाहून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं, आणि 1843 मध्ये मराठी नाटक उभं राहिलं. पुढे ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात संगीत नाटकाची गाडी रुळावर घातली, ते जन्मानं बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. पारशी मंडळींच्या गाण्याच्या नाटकांवरून त्यांना कल्पना सुचली, आणि चाली त्यांनी कीर्तनातून घेतल्या, कर्नाटकातून घेतल्या, जिथून मिळतील तिथून घेतल्या. शंभर वर्षांनी त्याच नाट्यपदांना आपण अस्सल मराठी म्हणायला लागलो. उसनं घेणं हा आपल्याकडचा अपवाद नाही, आपल्याकडे सगळं तसंच आलंय. रॉकच्या बाबतीतही हे इतरांनी करून दाखवलंय. केरळच्या अवियल या बँडनं 2008 च्या पहिल्याच अल्बममध्ये मल्याळम गिटारवर उभी केली, आणि कन्नड गायक रघु दीक्षित संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं घेऊन परदेशातल्या रंगमंचांपर्यंत गेले.

पण उसनं घेतलेलं आपलं आपोआप होत नाही, आणि इथे मी जुन्या जाणत्यांच्या बाजूला जाऊन बसते. या बँडच्या सात-आठ गाण्यांपैकी निम्मी नुसती नक्कल आहेत. गिटारवर तेच ठरलेलं सूर घसरवणं, दोन कडव्यांनंतर तेच ठरलेलं ओरडणं, शब्द मराठी आणि आघात इंग्रजी, त्यामुळे 'पाऊस' हा शब्द 'पावूऽस' असा उगाच ताणला जातो. गायकाला वरचा षड्ज पेलत नाही. तो तिथे ओरडतो आणि आपण त्याला जोश म्हणतो. एका गाण्याचा मुखडा आणि अंतरा दोन वेगळ्या घरचे वाटतात. हे सगळं कोणीतरी त्यांना सांगायला हवं. चार महिन्यांत कोणी सांगितलं? कौतुक करणारे सांगणार नाहीत, कारण अभिमानात खोट काढणं त्यांना पाप वाटतं. शिव्या देणारे सांगणार नाहीत, कारण त्यांनी ऐकलेलंच नाही.

गेल्या महिन्यातला मैदानावरचा कार्यक्रम मी पुढच्या रांगेतून पाहिला. सहाला सुरू होणार होता. पोरं साडेपाचलाच तारा जुळवून तयार. मग सत्कार सुरू झाला. शाल, श्रीफळ, फेटा, मग दुसऱ्या मंडळाची शाल. तीन भाषणं झाली आणि तिन्हींत 'सीमाभागाचा आवाज' हे शब्द आले. सात वाजून गेले. बेळगावची थंडी उतरली, दंव पडायला लागलं, आणि स्टँडवर उघड्यावर ठेवलेल्या गिटारच्या तारा हळूहळू सुरातून सरकल्या. गिटारवाला फेटा सांभाळत सारखा मागे वळून बघत होता. त्याला कळत होतं, पण सत्कारातून हलायचं कसं? पहिलं गाणं बेसूर गेलं. टाळ्या पडल्या. दुसरं त्याहून बेसूर गेलं. तेवढ्याच टाळ्या. तिसऱ्याच्या आधी त्यानं पाठ करून तारा जुळवल्या आणि मग बसचं गाणं जसं वाजायला हवं तसं वाजलं. टाळ्या पुन्हा तेवढ्याच, ना कमी ना जास्त. मला त्या क्षणी त्या पोरांची काळजी वाटली. सुरेल आणि बेसूर दोन्हींना सारखीच टाळी मिळत राहिली तर वाजवणाऱ्याला फरक कुठून कळायचा? त्या दिवशी आलेले हजारभर लोक त्यांना ऐकायला नव्हतेच आले. ते स्वतःला दिलासा द्यायला आले होते. त्यांचा मला राग नाही, मीही त्यांच्यातच होते. पण दिलासा देण्याचं काम विशी-बाविशीतल्या पोरांच्या खांद्यावर टाकायचं का?

यावर एक उत्तर मला वारंवार मिळतं, आणि ते वजनदार आहे. गवगवा लागतोच, ताई. लहान गावातल्या पोरांकडे गवगव्याशिवाय असतं काय? पुण्याच्या बँडला पुणं आहे, बेंगळुरूच्या बँडला बेंगळुरू आहे, आपण आपल्यांना उचललं नाही तर कोण उचलेल? खरं आहे. त्या एका चित्रफितीशिवाय मीसुद्धा वडगावच्या त्या शेडपर्यंत पोचले नसते. पण उचलणं आणि उचलून एका जागी पक्कं ठेवणं यात अंतर आहे. याला कुमार गंधर्वांहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही, आणि ते तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. आठ-दहा वर्षांचा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांची गाणी हुबेहूब गाऊन दाखवायचा. 'गंधर्व' ही पदवी त्याला त्याच वयात मिळाली. आजच्या भाषेत बोलायचं तर तो पोर गावोगाव व्हायरल झाला होता. त्या घरानं तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर काय झालं असतं? नकला करणारं एक नवल म्हणून लोकांनी त्याला काही वर्षं मिरवलं असतं आणि आवाज फुटल्यावर विसरून गेले असते. त्याला मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला ठेवलं, आणि गंधर्व म्हणवला गेलेला मुलगा परत विद्यार्थी झाला. पुढे क्षयानं गाठलं, देवासला बिछान्यावर काही वर्षं गाणंच बंद होतं, आणि त्या काळात माळव्याच्या बायकांची गाणी कानावर पडत राहिली. आपण ज्यांना कुमार म्हणतो ते त्या शिकण्यातून आणि त्या मुक्या वर्षांतून आले. टाळ्या मिळाल्या त्या आधीच्या नकलेला. आज आपल्या गावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तिथे सत्काराचे कार्यक्रम होतात तेव्हा मला दर वेळी हेच आठवतं.

मग या पोरांना द्यायचं काय? माझं उत्तर अगदी व्यवहारी आहे. तिकीट काढा. चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये गेले आणि भाव्यांचा राजाश्रय संपला. तेव्हा त्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक राजवाड्यातून लोकांच्या हातात आलं ते तिथे. शाल देणारा माणूस चूक झाली तरी शालच देतो. पैसे मोजून आलेला माणूस खुर्चीत अस्वस्थ होतो, उठून जातो, दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगतो, किंवा परत येतो. कलावंताला त्याची गरज असते. फुकटच्या मैदानी कार्यक्रमात ध्वनियंत्रणेचं भाडं आयोजक देतात आणि पोरांच्या हातात नारळ येतो. त्या नारळांनी शेडचं भाडं भागत नाही. खानापूरचा पोरगा दिवसभर मोबाइलच्या दुकानात काम करून सरावाला येतो आणि त्याचीही शेवटची बस चुकते. गाणं त्यातूनच आलं आहे. बेळगावनं आजवर गमावलेली माणसं टाळ्या कमी पडल्या म्हणून गेली नाहीत. इथे रोजचं पोट भरेल एवढा ऐकणारा नव्हता म्हणून गेली.

आमच्या शेजारच्या काकांना मी हे सांगितलं. त्यांनी ती चित्रफीत शंभर जणांना पाठवली असेल. ते म्हणाले, "आपल्याच पोरांना तिकीट? परक्यासारखं वाटतंय ओ ते." त्यांच्या आवाजात माया होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण आपल्या डॉक्टरला आपण फी देतो, आपल्या शिंप्याला शिलाई देतो. गाणाऱ्यालाच फुकट का ठेवायचं?

एक गोष्ट अजून सांगायची राहिली, आणि खरं तर तिच्यासाठीच मी लिहायला बसले. मैदानावर बसचं गाणं ऐकताना मला त्यात एक कडवं नवीन लागलं. आधीच्या चित्रफितीत ते नव्हतं. बस चुकलेला माणूस, तुटकी चप्पल, ट्यूबलाइट, आणि मग अचानक माय मराठी, रक्त, मशाल. मैदान उसळलं. मी शेडमध्ये गेले तेव्हा त्या कडव्याबद्दल विचारलं. गायकानं मान खाली घातली. बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, एवढं गाजलंय तर एक कडवं अभिमानाचं घाला. त्यांना नाही म्हणता आलं नाही. ड्रमवाला मागून म्हणाला, "मी तवाच म्हटलो होतो, ह्यो माणूस बस चुकल्यावर मशाल कुठनं आणला?" मी म्हटलं, बाळा, मशाल मलाही हवी आहे, 1 नोव्हेंबरला मी चालत जाते, पण हा माणूस आत्ता घरी जायच्या काळजीत आहे. त्याला घरी जाऊ दे आधी.

पंधरा दिवसांनी मी परत गेले तेव्हा कडवं काढलेलं होतं. आता "बस होत्री" नंतर नुसता बासचा तो हुंकार येतो आणि गाणं अर्धवट तुटल्यासारखं थांबतं. ते बरोबर नाही, आणि त्यांनाही ते माहीत आहे. शेवट अजून सापडलेला नाही. त्या रात्री त्यांनी चार वेगवेगळे शेवट वाजवून पाहिले. एकही बसला नाही आणि कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या महिन्यात एका लहानशा हॉलमध्ये ते हेच गाणं वाजवणार आहेत. भाषणं नाहीत, सत्कार नाही. तिकीट दीडशे रुपये आहे. मी दोन काढली आहेत, एक शेजारच्या काकांसाठी.